पुंजाराम वाढप्याची नजर

तेल्हाऱ्याच्या आसपासच्या गावांत पंगत बसली की माणसं पत्रावळीवर पाणी शिंपडता शिंपडता पहिला प्रश्न विचारायची, तो भाजी कशी झाली हा नव्हे. "वरन कोनाकडं हाय?" हा. आणि "पुंजारामकडं" असं उत्तर आलं की माणूस निवांत मांडी घालायचा.

पुंजाराम गावंडे आचारी नव्हता, भाड्याचा वाढपीही नव्हता. थोड्या काळ्या रानात कपाशी आणि तूर पेरणारा, साठी ओलांडलेला साधा शेतकरी. पण लग्न असो, तेरवी असो, की मारोतीच्या देवळापुढचा रोडग्याचा भंडारा असो, कढत वरणाची बादली त्याच्याच हातात जायची. आमच्याकडे याचा एक न लिहिलेला कायदा आहे. मीठ, पाणी आणि बुंदी वाढायला पोट्टे. पोळ्या कॉलेजातल्या पोरांकडे. भाजी जरा जाणत्याकडे. वरण मात्र चटका देतं बाप्पा, ते ज्याचा हात आणि नजर दोन्ही पक्के त्याच्याचकडे. हा मान कुणाला मागून मिळत नाही.

आणि काय वाढायचा तो! एका हातात बादली, दुसऱ्यात लांब दांड्याचं वगराळं, कमरेत वाकलेला, नजर पत्रावळींवरून सरकत चाललेली. कोणाचा भात कोरडा पडला, कोणी लाजून हात आडवा धरला पण बोटं मात्र फाकवून ठेवली, सगळं त्याला दिसायचं. शिंतोडा म्हणून उडायचा नाही. त्याची बायको जमुना बायकांत बसून हसायची. "घरी एक पोळी घ्याले उठत नाई हा मानूस, अन् अटी पाहा कसा भिंगरीसारखा फिरून राह्यला." म्हणायची थट्टेनं, पण तिचा चेहरा फुललेला असायचा.

पहिली गडबड झाली ती मारोतीच्या भंडाऱ्यात. पंगत ऐन रंगात, पुंजारामनं वगराळं भरलं आणि वरण ओतलं ते भातावर नाही, शेजारच्या गावाहून आलेल्या एका जावयाच्या मांडीवर. जावई बोंबलत उठला. बायका धावल्या, कोणी पाणी आणलं, कोणी तूप आणलं. आणि पुंजाराम? बादली धरून तसाच उभा. डोळे टक्क उघडे, समोरच्या लिंबाच्या झाडाकडे. भाजलेल्या माणसाकडे त्यानं खाली वळूनसुद्धा पाहिलं नाही. लोकांना भाजल्याचा राग आला नसेल एवढा या न पाहण्याचा आला. एवढा कसला तोरा?

तोऱ्याचं दारूवर यायला फार वेळ लागला नाही. पुंजाराम पडू लागला होता. ओट्याची पायरी उतरताना पाय हवेतच टाकायचा आणि मागच्या मागे कोसळायचा. बोलणं जड झालं होतं, तोंडात गूळ धरल्यागत. डोळे सदा तारवटलेले, पापणी लवायची नाही. आता तुम्हीच सांगा, आमच्या लोकांना रोगांची नावं ठाऊक नसतील, पण पिलेला माणूस कसा दिसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावानं पारावर बसून निकाल लावून टाकला. ज्यानं जन्मात सुपारीचं खांड चघळलं नाही, तो पुंजाराम पितो. पंगतीत वरणाची बादली दुसऱ्याकडे गेली.

परक्यांचं सोडा. घरात जमुनालाही शंका आलीच. ताट वाढून पुढ्यात ठेवावं, तर हा समोर भिंतीकडे पाहत हातानं चाचपायचा. पोळी हाताला लागली तर पोळी खायची, आणि भाजी तशीच राहायची.

"भाजी काहून ठेवली? कडू झाली का?" ती विचारायची.

"भाजी होती का?"

तिला वाटायचं, हा माणूस आपली टिंगल करून राहिला. तीस वर्षांच्या संसारात त्यानं कधी अन्नाला नाव ठेवलं नव्हतं, आणि आता हे! दुपारी तो ओसरीत झोपला की ती हळूच त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायची. वास यायचा कांद्याचा. कधी फक्त घामाचा. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पडला की पुन्हा शंका यायची. बिनवासाचीही मिळत असेल, कोणाला माहीत!

अकोल्याला नेऊन डोळे तपासले. नवा चष्मा मिळाला, खालच्या बाजूला जवळचं पाहायची काच बसवलेला. त्यानं काडीचा फरक पडला नाही. कसा पडेल? त्या खालच्या काचेतून पाहायला आधी डोळा खाली उतरावा लागतो, आणि पुंजारामचा डोळा वरच्या माळ्यावर अडकून बसला होता. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार? चष्मा करणाऱ्यानं काच तपासली, नजर तपासली, दोन्ही ठीक निघाली. काका, वय झालं, असं म्हणून त्यानं वाटेला लावलं.

अशातच प्राजक्ताला स्थळ आलं. प्राजक्ता त्यांची एकुलती एक. अमरावतीला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. स्थळ दर्यापूरचं, घर चांगलं, मुलगा शिकलेला. सगळं जुळलं आणि गाडी अडली ती इथेच. पोरीचा बाप पितो म्हणतात, खरं का?

देवळाच्या कमिटीचे उत्तमराव घरी आले. माणूस वाईट नव्हे. गावातल्या सगळ्या पंगती त्यांच्याच देखरेखीखाली उठायच्या, आणि वर्षानुवर्षं वरणाची बादली त्यांनीच पुंजारामच्या हाती दिलेली. ते खाटेवर टेकले आणि म्हणाले, "मान्साकडून चूक होते, पुंजाराम. मारोतीच्या पायावर हात ठेव, सोडली म्हन. मी सोता दर्यापूरवाल्याइले सांगतो, मानूस सुधरला म्हनून. पोरीचं कल्यान होते."

"पन दादा, म्या पेलीच नाई तं सोडू काय?"

"हेच तं सारे म्हनतेत बाबू."

आता आपण का पडतो, हे पुंजारामला तरी कुठं कळत होतं? मी पीत नाही एवढंच त्याला सांगता येत होतं, मग काय होतं ते सांगता येत नव्हतं. जमुना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मध्ये बोलावं असं त्याला वाटलं असेल. ती बोलली नाही. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं, चला, या निमित्तानं सुटेल तरी.

शनिवारी देवळात दहा माणसं जमली. मारोतीचे पाय खाली, आणि पुंजाराम समोर शेंदराच्या छातीकडे पाहतोय. हात चाचपडत गेला तो पायांवर नाही, समईच्या ज्योतीवर. बोट भाजलं. "पाहा, हात कसा थरथरून राह्यला," मागून कोणीतरी म्हणालं. उत्तमरावांनी त्याचं मनगट धरून नीट देवाच्या पायावर ठेवलं. पुंजाराम म्हणाला, सोडली. जी कधी धरली नव्हती ती त्यानं देवासमक्ष सोडली. पोरीचं लग्न ठरलं, साक्षगंध झालं.

साक्षगंधानंतर पोरीचा बस्ता, म्हणजे लग्नाचे कपडे, पाहायला नवराबायको अमरावतीला गेले. डेपोत एसटी थांबली, पुंजारामनं पायरी न पाहता पाय टाकला आणि धाडकन मागे बसला. समोर प्राजक्ता घ्यायला आलेली. बाप सकाळच्या गाडीत बसल्यापासून आईच्या शेजारीच होता, हे तिला ठाऊक होतं. त्यानं कुठं आणि कधी प्यायली असेल? तिनं बस्ता बाजूला ठेवला आणि बापाला घेऊन तडक मेंदूच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरबाईंचं नाव रागिणी. वयानं जमुनाहून लहान, बोलायला मऊ.

"काका, मान हलवायची नाही. फक्त डोळे. डावीकडे बघा."

डोळे गेले.

"उजवीकडे."

गेले.

"आता वर." थोडे गेले, कंटाळलेल्या बैलासारखे रेंगाळत. "आता खाली. माझ्या हातातल्या पेनाकडे."

डोळे जागचे हलले नाहीत. पुंजारामच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ आवळले गेले, हाताच्या मुठी वळल्या. सगळं अंग खाली पाहायला जोर लावत होतं आणि दोन बुबुळं तेवढी मध्यावर खिळलेली. जमुनानं हे असं कधी पाहिलंच नव्हतं. हा मुद्दाम करत नाही, हे तिला त्या खुर्चीजवळ उभं राहून पहिल्यांदा कळलं.

मग डॉक्टरबाई उठल्या. "माझ्या नाकाकडे बघत राहा, काका," असं म्हणून त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच मागे झुकवलं. डोकं वर झालं आणि काय सांगू, ती खिळलेली बुबुळं अलगद खाली उतरली!

"गेले! खाली गेले!" जमुना ओरडलीच. "अवो बाई, गेले ना खाली!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुंजारामला विचारलं, "काका, शेतात विहिरीवर मोटार आहे?"

"हाय ना."

"मग असं समजा. प्रत्येक डोळ्याला फिरवायला सहा स्नायू असतात. ती मोटार. त्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसा, ती केबल. मी डोकं हलवलं तेव्हा डोळे फिरले, म्हणजे मोटार चांगली आहे आणि केबलही चांगली आहे. पण खाली बघ, वर बघ, हे बटन जिथे दाबलं जातं ती जागा बिघडली आहे."

त्यांनी स्वतःचा अंगठा उभा धरला. मोठ्या मेंदूच्या पोटाखाली, मानेच्या वर, मेंदूचा एक देठ असतो, त्या देठाच्या वरच्या टोकाला मध्यमेंदू म्हणतात, एवढासाच, अंगठ्याच्या पेराएवढा. डोळे फिरवणाऱ्या बहुतेक नसा तिथूनच निघतात. त्याच्या पाठीवर चार बारीक उंचवटे असतात, त्यातले वरचे दोन काही हललं की नजर तिकडे वळवायला मदत करतात. आणि त्याच मध्यमेंदूत, नसांच्या मुळांच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. नजर झटकन वर किंवा खाली न्यायचा हुकूम तिथून सुटतो. डावी-उजवीकडचा हुकूम त्याच्या खालच्या मजल्यावरून सुटतो, म्हणून काकांचे डोळे आडवे फिरतात आणि उभे फिरत नाहीत.

"मंग मी डोकं धरलं तवा कसे फिरले थे?" पुंजारामनं विचारलं. डोकं डॉक्टरनं धरलं होतं, पण त्याला म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

"डोकं हललं की कानातल्या तोलाच्या यंत्राला कळतं. तिथून नसांकडे जाणारी वाट वेगळी आहे. ती या पुंजक्यातून जात नाही. ती अजून शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये घालून फोटो काढला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, इथं हा भाग फुगीर असायला हवा, तो असा बसला आहे. जमुनाला त्यात चोच पुढे काढलेलं एक पाखरू दिसलं. तिनं तसं म्हटलं, तर डॉक्टरबाई चमकून म्हणाल्या, "हो काकू, आम्हीसुद्धा याला पाखराचीच खूण म्हणतो." रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. प्राजक्तानं ते मनात दोनदा घोळवलं. तिचा चेहरा उतरला.

"मोटारीचा स्टार्टर जयला म्हना ना," पुंजाराम म्हणाला. "मंग बदला नवीन."

"तो बदलता येत नाही, काका."

"रिवायंडिंग?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. त्यांनी पुढचंही सांगितलं, काही लपवलं नाही. पेशी सुकत जातात, थांबवणारं औषध आज नाही. मान आखडेल, पडणं वाढेल, घास गिळताना ठसका लागेल, जपायचं. हे ऐकतानाही जमुनाच्या मनात एकच काटा होता. तिनं तो काढलाच. "बाई, हे दारूनं होते का?"

"दारूचा काडीचा संबंध नाही, काकू. थेंब न घेणाऱ्याला होतो."

पुंजारामचा चेहरा तर आता हलत नव्हता, पण त्याचा आवाज बदलला. "बाई," तो म्हणाला, "हे आमच्या गावात येऊन सांगता का?"

डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर पेशंटांची रांग लागलेली होती.

गावात येऊन सांगितलं ते जमुनानं. घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. विहिरीवर सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं. आणि उत्तमरावांना घरी बोलावून चहा पाजून सांगितलं. उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"मेंदू सुकला म्हनते ना डॉक्टर?"

"हो."

"मंग दारूनं दुसरं काय होते, वयनी?"

"पन पेतच नव्हते थे!"

"पेत नवता तं देवापुढं शपथ कायची घेतली?"

घ्या! आता यावर बोलणार काय? शपथ खोटी म्हणावी, तर देवाची फसवणूक झाली आणि दर्यापूरवाल्यांचीही. खरी म्हणावी, तर नवरा दारुडा. ज्या शपथेनं पोरीचं लग्न जुळलं तीच शपथ बापाच्या गळ्यात धोंड्यासारखी बसली होती. जमुना चडफडत चहाची कपबशी उचलून आत गेली.

पण तिच्याजवळ एक आशा उरली होती. तिनं आपल्या डोळ्यांनी बुबुळं खाली उतरताना पाहिली होती ना! डॉक्टरांनी केलं ते आपल्याला का जमणार नाही? एका दुपारी तिनं ताट वाढून पाटावर ठेवलं, पुंजारामच्या मागे गुडघ्यावर बसली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच मागे झुकवलं. मग वाकून पाहिलं. उतरली! बुबुळं खाली उतरली होती. तिला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

"दिसलं का जी?"

"काय?"

"ताट!"

"नाई. कॅलेंडर दिसून राह्यलं."

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. तिनं डोकं आणखी झुकवलं. "आता?"

"कॅलेंडरच. पयलेपासून थेच दिसून राह्यलं."

मग तिनं उलटं केलं, डोकं पुढे दाबलं. मान लाकडासारखी, दबता दबेना. जेवढी दबली तेवढी बुबुळं वर चढली आणि कॅलेंडर काही हललं नाही. तिनं प्राजक्ताला फोन लावला, प्राजक्तानं डॉक्टरबाईंना विचारून उलट फोन केला. रडवेल्या आवाजात पोरगी म्हणाली, "आई, ती कानाची वाट नजर हलवायला नसतेच. डोकं हललं तरी नजर जागच्या जागी राहावी म्हणून असते. बाबांचे डोळे खाली गेले नव्हते गं. डोकं वर गेलं होतं."

जमुना पुन्हा त्याच्या मागे बसली, त्याचं डोकं हातात धरून. ताटातली पोळी वाळत होती. एवढी एक युक्ती होती जगात, आणि तीही कामाची नव्हती.

प्राजक्ता सुट्टीवर आली तेव्हा तिनं एक उंच टेबल आणलं. ताट त्यावर, चष्म्यापुढं येईल असं. भाजी दिसू लागली. पुंजाराम सावकाश जेवू लागला. घरात तेवढं करता येतं हो. पण पंगत कोण टेबलावर उचलून ठेवणार?

आणि त्याला पंगतच हवी होती. लग्न जवळ आलं तसं त्यानं धोशा लावला. जड जिभेनं, एकेक शब्द ओढत, रोज तेच. "माह्या पोरीच्या लग्नात वरन मीच वाढीन. एक शिंतोडा उडू देनार नाई. मंग गाव सोताच पाहीन, मी पेलेलो हाय का नाई."

प्राजक्ता म्हणाली, "बुफे ठेवू ना बाबा, आजकाल सगळे बुफेच ठेवतात." त्यावर तो एवढा संतापला की त्याला ठसका लागला. बादली हातात घेऊन दाखवायची, हेच त्याचं लग्न होतं. जमुनाला पोरीच्या पाठवणीची नाही, त्या एका बादलीची धास्ती लागून राहिली. नाही म्हणावं तर त्याच्या नावावर बायकोनंच शिक्का मारला असं होतं. हो म्हणावं तर कढत वरण कोणाच्या तरी अंगावर जाणार. रोज ती मनाशी म्हणायची, उद्या सांगू.

लग्न लागलं. मांडवात पहिली पंगत बसली. व्याही, त्यांची माणसं, गावचे जाणते, उत्तमराव, सगळे ओळीनं. पत्रावळी मांडल्या, भात पडला. पुंजाराम नवं धोतर नेसून, अनवाणी, आचाऱ्याच्या चुलीकडे निघाला. जमुना त्याच्या दंडाला धरून. चुलीपाशी पोचल्यावर तिनं आचाऱ्याला डोळ्यानं खुणावलं आणि पुंजारामच्या हातात बादली दिली.

त्यानं ती हातात तोलली. इतकी वर्षं बादल्या वाहिलेला हात, त्याला काय सांगावं लागतं!

"हे वरन नाई."

"नाई."

"बुंदी हाय."

"हो जी."

"बुंदी पोट्टे वाढतेत, जमुना."

"आज तुमी वाढा. पोरीच्या बापानं गोड वाढावं," ती म्हणाली. बुंदी भाजत नाही एवढंच तिला सुचलं होतं, दुसरं काही नाही. तो टक्क डोळ्यांनी मांडवाच्या कापडाकडे पाहत उभा राहिला. ती मनात म्हणत होती, फेक बादली, शिव्या दे मले, पण उभा राहू नको असा. शेवटी तो म्हणाला, "चाल मंग."

ते पंगतीत आले. पहिला मान व्याह्यांचा. पुंजारामनं मूठ भरली, कमरेत जमेल तेवढा वाकला आणि सोडली. बुंदी व्याह्यांच्या गुडघ्यावरून मातीत गेली. दुसरी मूठ दोन पत्रावळींच्या मधल्या जागेत. तिसरी पाण्याच्या ग्लासात. व्याह्यांनी गुडघा झटकला आणि शेजारच्याकडे पाहिलं. जमुना मागून चालत होती, वाकून मातीतले दाणे पदरात वेचत होती, आणि पुन्हा उठून त्याचा दंड धरत होती.

"बरोबर पडली का वं?" त्यानं विचारलं.

"बरोबर."

"यायच्या पत्रावळीत?"

"पडली ना. चाला पुढं."

ओळीच्या मध्यावर दर्यापूरकडचा कोणीतरी शेजाऱ्याला म्हणाला, आणि हळू म्हणाला असंही नाही, "आजच्या दिवशी तरी नसती पेली मान्सानं."

जमुनानं मागे वळून पाहिलं. "पेलेला नाई थो!" ती अशी ओरडली की बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं. "कधीच पेलेला नाई! बिमार हाय! मेंदू सुकून राह्यला त्याचा, तुमाले सांगून सांगून म्या थकली!" उत्तमरावांनी मान खाली घातली आणि भात कालवायला लागले. कोणी विश्वास ठेवला, कोणी ठेवला नाही, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून काही कळेना. चार माणसांत बाई ओरडते म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे, असंही काहींना वाटलं असेल. आपली माणसं, काय सांगावं!

पुंजारामनं सगळं ऐकलं होतं. तो थांबला नाही. एक मूठ, एक पाऊल, एक मूठ, एक पाऊल. "सावकाश होऊ द्या," तो प्रत्येकाला म्हणत होता, त्यांच्या डोक्यांच्या वरून कुठंतरी पाहत. ओळीच्या टोकाला पोचला तेव्हा बादली रिकामी झाली होती.

"झाली वं सारी पंगत," तो म्हणाला.

"झाली. आता इकडून, मागच्या बाजूनं चाला," जमुनानं त्याला घाईनं वळवायला पाहिलं. पण वाढपी आल्या वाटेनंच परततो, कोणाला काय कमी पडलं ते पाहत. त्याचं अंग आपसूक त्याच बाजूला वळलं.

पहिलं पाऊल पडलं. तळव्याखाली काहीतरी चिरडलं. दुसरं पाऊल पडलं, तिथंही. पाक चिकट होता, दाणे बोटांच्या फटींत शिरले. जमुनानं वेचले त्यापेक्षा कितीतरी मागे राहिले होते. पुंजारामनं तिसरं पाऊल जरा बाजूला टाकून पाहिलं. मग तो थांबला. दोन्ही पाय त्यानं मातीत हळूच घासले, इकडे आणि तिकडे.

डोळे तसेच समोर. समोर मांडवाच्या टोकाला प्राजक्ता उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, तोंडावर हात धरून. ती त्याला दिसत असावी.

"जमुना," तो म्हणाला. सगळी पंगत ऐकत होती, आणि हे वाक्य तो आजवर कोणाजवळ बोलला नव्हता. "मले खालचं दिसत नाई. तू खरं सांग. कोनाच्या पत्रावळीत पडली का?"

जमुनाच्या पदरात मातीनं भरलेली बुंदी होती. तिनं एका हातानं पदर आवळून धरला आणि दुसऱ्यानं त्याचा दंड.

"नाई जी," ती म्हणाली. "कोनाच्याच नाई पडली."